ओ देणारं रान

कल्याणहून माळशेजकडे निघालेल्या माणसाला वैशाखरे दिसतं ते गाडीच्या काचेतून, तेही पळतं. टोकावडं मागे पडलं की समोर सह्याद्रीची रांग आडवी येते, नानाचा अंगठा ओळखू यायला लागतो आणि रस्त्याकडेच्या घरांकडे बघायला कुणाला सवड राहत नाही. पावसाळ्यात तर धबधब्यांच्या ओढीने सुटलेल्या गाड्यांची रांगच लागते. मी वैशाखात गेलो. या दिवसांत मुरबाडच्या पुढे हौसेने कुणी येत नाही. डोंगर करपलेले, काळू नदीत जागोजाग नुसती डबकी, भातशेतांच्या कोपऱ्यांत राब भाजून काळे केलेले चौकोन. पण कुडा पांढराशुभ्र फुलला होता, बहाव्याचे पिवळे घोस लोंबत होते आणि करवंदं पिकायला लागली होती. माझं काम ज्याच्याकडे होतं, त्यालाही हेच दिवस मानवतात.

त्याचं नाव रानकोंबडा. त्याला बघणं हे दुय्यम. त्याला बोलायला लावणारी माणसं या डोंगरपायथ्याच्या वाड्यांतून अजून आहेत, असं ऐकलं होतं. ती कशी बोलायला लावतात ते मला बघायचं होतं.

या खुळाचं मूळ मात्र अमेरिकेतल्या मिझुरीत आहे. माझा आतेभाऊ तिथे असतो. मूळचा डोंबिवलीचा, घरात अंडंसुद्धा न उकडणाऱ्या कुटुंबातला. शेजाऱ्याच्या नादाने एका एप्रिलमध्ये तो टर्कीच्या शिकारीला गेला आणि नंतर फोनवर मला जे तासभर सांगत बसला त्यात बंदूक जवळजवळ नव्हतीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पक्षी तिथून संपत आला होता. मग जिवंत पकडून नव्या रानांत नेऊन सोडले, वाढू दिले आणि १९६० मध्ये वसंतातली शिकार परवाना देऊन पुन्हा सुरू केली. शिकारी पहाटेच्या अंधारात टेकाडावर उभा राहतो आणि घुबडासारखा घुमतो. दूर कुठेतरी झाडावर रात्र काढलेला टर्कीचा नर ते ऐकतो आणि त्याच्या घशातून गुडगुडता कल्लोळ बाहेर पडतो. तो घुबडाला उत्तर देत नसतो. विणीच्या दिवसांत त्याच्या अंगात असं काही भरलेलं असतं की कुठलाही मोठा आवाज त्याला पुरतो. घुबड, कावळा, सुतारपक्षी, गाडीचं दार आपटल्याचा आवाज, काहीही. या प्रत्येक आवाजाच्या शिट्ट्या तिथे दुकानात मिळतात आणि त्यांत मोराच्या केकेचीही शिट्टी असते! आपला मोर मिझुरीच्या रानात टर्कीचा पत्ता काढायच्या कामाला लागलाय, हे ऐकून मला हसावं की काय ते कळेना.

आतेभावाने सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. हा पहिला आवाज पक्ष्याला बोलावण्यासाठी नसतो. मादीचा आवाज काढून त्याला जवळ ओढणं ही पुढची पायरी. तिची शिट्टी वेगळी आणि तिचं कसबही वेगळं. पहिल्या आवाजात फक्त एवढंच विचारलेलं असतं, की बाबा रे, आहेस कुठे?

वैशाखऱ्यात माझी सोय एका गुरुजींकडे झाली होती. पडवीत टेकलो न टेकलो तोच तांब्या-पेला समोर आला. नाव, गाव, काम, सगळी विचारपूस त्यानंतर. आमच्या डोंबिवलीत पाहुण्याला 'चहा घेणार ना?' असं विचारतात आणि त्या 'ना'मध्ये 'नको' म्हणायला चांगली ऐसपैस जागा ठेवलेली असते. इथे तसं विचारतच नाहीत. आणि ज्या पाण्याने हे स्वागत झालं ते वाडीतल्या बायकांनी टळटळीत उन्हातून डोक्यावर वाहून आणलेलं. विहिरी तळाला गेल्या होत्या. पेल्यात उरलेलं पाणी बाहेर भिरकावायची शहरी सवय त्या पडवीत आपोआप आवरली गेली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गुरुजींबरोबर गावाबाहेर फेरी मारायला गेलो. करवंदं वेचायला गेलेल्या ठाकर बायका आणि पोरं परतत होती. मधे एक ओहोळ, त्यापलीकडे जाळ्यांचं रान. एक बाई बांधावर थांबली, तोंडाशी हात धरला आणि लांबलचक 'कूऽऽ' काढलं. क्षणभर काहीच नाही. मग पलीकडून, बऱ्याच वरच्या अंगाने, तसंच पण बारीक 'कूऽऽ' आलं. बाईने त्या दिशेला नुसतं पाहिलं आणि चालू लागली. पोरगी कुठे आहे ते कळलं होतं, बाकी ती येईल तिची तिची.

"नावाने का नाही हाक मारली?" मी विचारलं.

"रानात तिन्हीसांजेला नाव नाही घेत," गुरुजी म्हणाले. ते शास्त्र विषयाचे पदवीधर, पण सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मला माझी आजी आठवली. रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असा तिचा दंडक. चकवा असतो म्हणायची. दुसरी हाक आली तर माणूस. लहानपणी मला ती भीती वाटायची. त्या बांधावर उभं असताना मात्र त्यातली खबरदारी दिसली. ओ दिली की आपला ठावठिकाणा दिला. हाक मारणारा कोण, त्याच्या मनात काय, हे कळायच्या आधी दिला. रानात राहणाऱ्या कुठल्याही जिवाला हे धोक्याचंच, आणि तरीही वसंतात नर गप्प बसू शकत नाही. टर्कीही नाही, रानकोंबडाही नाही. शिकाऱ्याची सगळी विद्या या एका दुबळ्या जागेवर उभी आहे.

ज्यांच्यासाठी मी आलो होतो ते बाबा रात्री जेवणाला आले. ठाकरवाडीतले, सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, आवाज मात्र जाडाभरडा. (हा आवाज पक्ष्याचा कसा होणार, असं मला वाटून गेलं.) तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, सुकट आणि करवंदाचं लोणचं. बाबांनी भाकरी मोडून कालवणात बुडवली आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. इथे जेवताना बोलत नाहीत. आमच्याकडे जेवणाचं टेबल म्हणजे दिवसभराच्या तक्रारींची चावडी असते.

हात धुतल्यावर ते मोकळे झाले. तरुणपणी गलोलीने आणि फाशाने कोंबडे मारले होते, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ चा, देशाचा १९७२ चा. परवाना काढून हौसेखातर शिकार करायची पळवाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. बाबांच्या सांगण्यात यातलं एकही साल नव्हतं. "आधी बंदूकवाले सायेब बंद झाले, मग आमी," एवढाच त्यांचा इतिहास. त्यांच्या लहानपणी मुंबईहून बंदुका घेऊन माणसं यायची आणि वाडीतल्या एखाद्याला पहाटे बरोबर न्यायची. कोंबडा कुठल्या झाडावर आहे हे सांगायचं, एवढंच त्याचं काम. मारणारा वेगळा. बक्षिशी मिळायची, कधी नुसतीच पाठ थोपटली जायची.

"पारधी लोक पिंजऱ्यातला तितर ठेवतात ना?" मी विचारलं. फासेपारध्यांचं ते तंत्र प्रसिद्धच आहे. पाळलेला नर पिंजऱ्यात ओरडतो, रानातला तितर आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून भांडायला धावतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतो.

बाबांनी मान हलवली. "त्ये येगळं. त्ये बोलवनं झालं. मी बोलवत नाय. इचारतो."

मिझुरीच्या शेजाऱ्याने आतेभावाला जे सांगितलं होतं तेच हे. दोघांची भेट व्हायची शक्यता या जन्मी नाही. गुरुजींच्या मुलाला आमची चर्चा फारच जड वाटली असावी. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मिस्ड कॉल द्यायचा म्हणजे." बाबांना ते इतकं पटलं की हसताना त्यांना ठसका लागला.

पहाटे निघालो तेव्हा चांदण्या होत्या. गावठी कोंबडे आरवायला लागले होते, एका घरामागचा, मग दुसऱ्या, मग पार वाडीतला. बाबा थांबून ऐकत होते. मला वाटलं गावाचा गलबला संपायची वाट बघतायत. पण त्यांना तो हवाच होता. गावातला कोंबडा आरवला की कधीकधी रानातला उत्तर देतो, मग आपल्याला तोंड उघडायची गरजच पडत नाही. त्या दिवशी रानातल्याने दिलं नाही. रातवा तेवढा दगडावर दगड आपटल्यासारखा टक् टक् करत राहिला आणि मग तोही थांबला.

सागाचं विरळ रान संपून करवंदीच्या जाळ्या आणि बांबूची बेटं लागली तिथे बाबांनी हाताने खूण केली. आम्ही बसलो. ते उभे राहिले, पायांत थोडं अंतर घेतलं, धोतराचा सोगा वर खोचला आणि उघड्या मांड्यांवर दोन्ही तळवे एकामागून एक आपटले. पटपट नाही. आधी सावकाश, मग घाईघाईने, मग एकदम थांबून. आरवण्याआधी कोंबडा पंख फडफडवतो त्याचा हुबेहूब आवाज. आणि त्यापुढे काहीच नाही. आरव नाहीच.

म्हणजे अर्धं बोलून सोडून द्यायचं.

मी घड्याळ बघितलं नाही, पण बराच वेळ गेला. बाबांनी दुसऱ्यांदा तळवे आपटले नाहीत. मला तर वाटत होतं, आता करावं, परत करावं. आपल्याला शहरात उत्तर आलं नाही की लगेच दुसरा फोन, तिसरा मेसेज. त्यांची नजर जमिनीवर, तोंड किंचित उघडं. नंतर कळलं, तोंड उघडं ठेवलं की त्यांना जास्त नीट ऐकू येतं.

आणि मग आला. कुक्, काय्या, काय्या, कुक्. गावठी कोंबड्याच्या लांब तानेसारखा मुळीच नाही. तुटक, घोगरा, शेवट एकदम कापल्यासारखा. सालिम अलींच्या पुस्तकात हा आवाज जवळपास असाच लिहिलेला आहे, पण वाचून काही कळत नाही.

मी हात वर करून दिशा दाखवली. बाबांनी माझा हात खाली केला. समोर नानाचा अंगठा, त्याला लागून कड्यांची रांग. आवाज कड्यावर आपटून परत येतो आणि बाहेरच्या माणसाला कड्याकडूनच आल्यासारखा वाटतो. बाबांनी कोंबडा ज्या अंगाला ऐकला होता तिकडे जमिनीवर काटकी ठेवली. मग आम्हाला घेऊन ते वाकून ओहोळाच्या कडेने बरंच पुढे गेले. थांबले. या वेळी काहीच केलं नाही. एकदा बोललेला कोंबडा थोड्या वेळाने आपणहून बोलतोच, दुसऱ्यांदा विचारायची गरज नसते. तो बोलला. बाबांनी बोटाने नवी दिशा धरली, मागच्या काटकीची दिशा मनात आठवली आणि जिथे दोन्ही रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथलं उंबराचं झाड दाखवलं. हीच पद्धत नकाशे करणारे वापरतात. बाबांची शाळा दुसरीतच सुटली होती.

उजाडता उजाडता तो झाडावरून उतरला. करड्या अंगावर पांढऱ्या रेघा, शेपटीची काळी-जांभळी कमान आणि मानेवर ती पिसं, ज्यांच्या टोकांना मेणचट पिवळे-पांढरे ठिपके असतात. या ठिपक्यांनी त्याचा घात केला होता. युरोपातले मासेमारीचे शौकीन गळाला लावण्यासाठी ज्या खोट्या माश्या बनवतात त्यांवर हीच पिसं बसवली जायची, आणि त्यासाठी इथले कोंबडे मारून त्यांच्या माना परदेशी जायच्या. शास्त्रीय नावात त्याला सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव चिकटलेलं आहे. उत्तरेतला तांबडा रानकोंबडा वेगळा, जगभरच्या गावठी कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तो. हा करडा फक्त भारतातला, त्यातही मुख्यतः दक्षिणेचा आणि सह्याद्रीचा. उंबराखालचा पाचोळा त्याने पायाने उसकटला, काहीतरी टिपलं, पुन्हा उसकटलं. वाळवी असावी. त्यामागून दोन कोंबड्या आल्या, मातकट, पोटावर पांढरी खवलेदार नक्षी, आणि त्यांनी आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला पाय आवरून घ्यावेसे वाटले.

बाबांनी बिडी काढली, पण पेटवली नाही.

"आता आरव काढला तर?" मी कुजबुजलो.

"यील. भांडायला यील. आन मग बायका सोडून दिवसभर हिंडत बसंल, कोन आला म्हनून." आणि जरा थांबून, "काय काम हाये का त्याच्याकडं?"

काम काहीच नव्हतं.

मग घाट चढायला लागलो. बाबा पायथ्यापर्यंतच आले. नाणेघाटाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटपतो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा माल या नाळेतून वर चढायचा, माथ्यावर जकातीचा दगडी रांजण अजून आहे, आणि गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गायी-घोड्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनांपैकी ते एक. त्या आकड्यांशी मी नेहमी थोडा वेळ थांबतो, कारण दान लिहून ठेवायची आपली हौस किती जुनी आहे ते तिथे कळतं.

या वेळी तिथे बसून दुसराच विचार डोक्यात आला. टर्की आपल्या बाजूला आला होता तो बंदरातूनच. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याला दुर्मीळ वस्तू आणायला धाडलं होतं. तो ज्या चीजा घेऊन परतला त्यांत हा पक्षी होता. १६१२ च्या सुमारास उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्याच्या आणि मानेच्या बदलत्या रंगांचं भारावून वर्णन केलं आहे. मोर रोज बघणारा बादशहा टर्कीवर लुब्ध झाला, आणि मिझुरीचा शिकारी मोराची शिट्टी घेऊन टर्कीच्या मागे लागला. एकाला दुसऱ्याकडचं अप्रूप, हे काही फक्त माणसांच्या लग्नांतच चालतं असं नाही.

माथ्यावर जुन्नरकडून गाड्यांनी आलेली मंडळी होती आणि एका गाडीच्या डिकीतून गाणी चालली होती. कडा ती गाणी परत पाठवत होता, अर्धा क्षण उशिरा, बेसूर करून. लिंबूसरबत प्यायलो आणि उतरलो.

पुढचा टप्पा शहापूर तालुक्याचा. सरळगावहून किन्हवलीमार्गे रस्ता जातो, वाटेत वीटभट्ट्या, आंब्याखाली विकायला मांडलेली जांभळं-करवंदं, आणि पाण्याचे टँकर. या टँकरांकडे बघून राग आल्याशिवाय राहत नाही. याच तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ इथलं पाणी मुंबईच्या नळांना जातंय, आणि वैशाखात इथल्या पाड्यांवर बायका टँकरच्या नळीभोवती हंडे लावतात. धरणांच्या कडेची रानं मात्र राखली गेली. तानसाचं अभयारण्य त्यातलंच.

मला तिथे न्यायचा बेत गुरुजींच्या मित्राचा. तो पक्षी बघणारा आणि दाखवणारा, पाड्यावरचाच तरुण. तिथे काय आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं. रानपिंगळा नावाचं एक लहान, ठसठशीत घुबड आहे. १८७३ मध्ये ह्यूमने त्याची नोंद केली. हा तोच ए. ओ. ह्यूम, ज्याला आपण काँग्रेसच्या स्थापनेसाठी ओळखतो. पुढे खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अंमलदाराला काही नमुने मिळाले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. मेनर्ट्झहागन या नावाजलेल्या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याचा दावा केला होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा निघालं काय, तर साहेबांनी संग्रहालयातला जुनाच पक्षी लांबवून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. खोट्या पत्त्यावर शोधणाऱ्यांना पक्षी कसा सापडणार! मग खऱ्या जुन्या पत्त्यांवर शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भरदिवसा, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो झाडावर बसलेला दिसला. शंभरावर वर्षांनी.

तोवर त्याचा आवाज कसा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ओरडणं ध्वनिमुद्रित झाल्यावर शोधाची रीत बदलली. रानात जाऊन तो आवाज वाजवायचा, उत्तर आलं तर तो तिथे आहे. सातपुड्यात, मेळघाटात अशी ठिकाणांमागून ठिकाणं सापडत गेली. आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांना तो इथे, तानसात आढळला. तोवर पश्चिम घाटाकडे तो असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मुंबईपासून इतक्या जवळ, आपण ज्याचं पाणी पितो त्या तलावाच्या काठी.

बातमी पसरल्यावर कॅमेरेवाले आले. बंदूकवाल्या सायबांसारखेच तेही वाडीतल्या माणसाला बरोबर घेतात, पक्षी कुठे आहे एवढं सांगायला. फरक असा की हल्ली प्रत्येकाच्या खिशात पक्ष्याचा आवाज असतो. सोबत लहानसा स्पीकर. एकदा वाजवून पक्षी बोलला तर गणना होते, अभ्यास होतो. पुन्हा पुन्हा वाजवला तर तो घरटं सोडून परक्या नराला शोधत हिंडतो, पिल्लांना उंदीर-सरडे आणायचे राहतात. रानपिंगळा दिवसा शिकार करणारा, त्याचा दिवसच मोडतो. बाबांनी कोंबड्याबद्दल जे सांगितलं होतं ते तसंच्या तसं.

आमच्याबरोबर कल्याणचा एक हौशी छायाचित्रकार वाटेत जोडला गेला होता. स्वभावाने चांगला माणूस, पाड्यावरच्या पोरांना बिस्किटं वाटणारा. रानात शिरल्यावर अर्ध्या तासाने तो अस्वस्थ झाला. साग निष्पर्ण उभे, खाली पाचोळ्याचा जाड थर, प्रत्येक पावलाचा कुरकुर आवाज. धनेश एकदा ओरडून गेला. पावशा 'पेर्ते व्हा'चा धोशा लावून होता, पेरायला अजून अवकाश असताना. मिझुरीतलं घुबड म्हणे तिथल्या लोकांना 'तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?' असं विचारताना ऐकू येतं. आमचा पक्षी शेतीकडे लक्ष देतो, त्यांचं घुबड चुलीकडे.

छायाचित्रकाराने खिशातून स्पीकर काढला. मुठीत मावणारा, निळा दिवा लुकलुकणारा.

"एकदाच लावतो. लोकेशन कळेपर्यंत."

आमच्या वाटाड्याने त्याच्याकडे पाहिलं. वय असेल पंचविशीचं, पण थांबण्याची ढब बाबांसारखी. "सकाळपासून तुमच्याआधी कोणी लावला की नाही, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मला पण नाही. मग त्याच्यासाठी ते 'एकदाच' कसं?"

हे उत्तर मी त्याआधी कुठल्याही नियमावलीत वाचलेलं नव्हतं. बाबांच्या काळी एका रानात विचारणारा एक असायचा, फार तर दोन, आणि ते एकमेकांना ओळखत. एका थापटण्यावर गणित संपायचं. आता विचारणारे अनेक, अनोळखी, आणि प्रत्येकाचा पहिलाच प्रश्न. दुकानातून शिट्टी घेणाऱ्या मिझुरीवाल्याला निदान परवाना लागतो, हंगाम लागतो, किती मारायचे त्याची मर्यादा असते. स्पीकरवाल्याला हंगाम कुठला? मला स्वतःला वाटतं, गणनेसाठी, अभ्यासासाठी आवाज वाजवायला हरकत नाही, पण फोटोसाठी नको. हे मी छायाचित्रकाराला म्हणालो. तो म्हणाला, तुम्ही लेखक मंडळी आवाज न वाजवताही पक्षी दाखवू शकता, आम्हाला तो खरोखर लागतो. यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं.

स्पीकर खिशात परत गेला. आम्ही तसेच बसलो. मुंग्या चढल्या, उठून जागा बदलली. दोनदा पिंगळ्यासारखं काही ऐकू आलं, वाटाड्या म्हणाला हा जंगली पिंगळा, तुमचा तो नाही. दोघांच्या आवाजातला फरक त्याने हाताने हवेत रेघा काढून समजावला, वर जाणारी आणि तुटणारी, पण स्वतः आवाज काढून दाखवला नाही. दाखवा ना, असं मी म्हणालो, तर म्हणाला, "इथे नको. गाडीत बसल्यावर."

ऊन डोक्यावर आलं. रानपिंगळा दिसला नाही. छायाचित्रकाराने धनेशाचे फोटो मिळाले यावर समाधान मानायचा प्रयत्न केला, फारसा जमला नाही. शहापूरकडे परतताना गाडीच्या काचा वर करून वाटाड्याने कबूल केल्याप्रमाणे दोन्ही आवाज काढून दाखवले, आणि इतके अचूक, की छायाचित्रकाराने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावून ते मोबाइलवर रेकॉर्ड केले. वाटाड्या आधी लाजला, मग म्हणाला, रेकॉर्डिंग ठेवा, फक्त रानात वाजवू नका, माझाच आवाज ऐकून मी फसेन. मग शहापूरला कुठे जेवायचं यावर त्या दोघांची जुंपली. एकाला मटण हवं होतं, दुसऱ्याचा गुरुवार होता.